क्रुसाच्या जागी चेहरा : ‘स्टार ऑफ इंडिया’च्या चिन्हाचं प्रकरण

१ नोव्हेंबर १८६१. अलाहाबादला व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंगचा दरबार भरला होता. जयाजीराव शिंदे, पतियाळाचे महाराज नरिंदरसिंग, रामपूरचे नवाब आणि भोपाळच्या सिकंदर बेगम या चौघांना ‘स्टार ऑफ इंडिया’ नावाच्या कोऱ्या करकरीत ऑर्डरचे अलंकार देण्यात आले. त्याच दिवशी तिकडे विंडसरच्या किल्ल्यात खुद्द व्हिक्टोरिया राणीने प्रिन्स आल्बर्टला, प्रिन्स ऑफ वेल्सला आणि लाहोरची गादी गमावलेल्या दुलीपसिंगाला हेच अलंकार घातले. दिवस आणि गाव दोन्ही विचार करून निवडलेले होते. बरोबर तीन वर्षांपूर्वी, १ नोव्हेंबर १८५८ला, अलाहाबादलाच कॅनिंगने राणीचा जाहीरनामा वाचून दाखवला होता.

त्या जाहीरनाम्यातलं एक वचन या प्रकरणाच्या मुळाशी आहे. आपली ख्रिस्ती धर्मावर श्रद्धा आहे, पण ती प्रजेवर लादण्याचा हक्कही नाही आणि इच्छाही नाही, असं राणीने त्यात म्हटलं होतं. कागदावर हे लिहिणं सोपं होतं. तेच सोन्यात आणि मिन्यात लिहायची वेळ आली तेव्हा अडचण झाली. युरोपातली ‘ऑर्डर’ ही चीजच मुळात ख्रिस्ती. ती हिंदू, मुसलमान आणि शीख राजांच्या छातीवर लावायची कशी?

आपण आज पदक म्हटलं की शाळेतल्या बक्षिसासारखं काहीतरी डोळ्यांपुढे आणतो. ऑर्डर म्हणजे तसं बक्षीस नव्हे. तो मर्यादित सभासदांचा संघ असतो. सभासदांनी शपथ घ्यायची, एका संताचं छत्र मानायचं, एका देवळात जमायचं, आणि या नात्याची खूण म्हणून ठरावीक अलंकार घालायचे. इंग्लंडची सर्वांत जुनी ‘गार्टर’ तिसऱ्या एडवर्डने १३४८च्या सुमारास काढली. तिचा संत जॉर्ज, तिचं देऊळ विंडसरचं सेंट जॉर्ज चॅपल. गार्टरच्या छातीवरच्या ताऱ्यात मधोमध सेंट जॉर्जचा लाल क्रूस असतो आणि गळ्यातल्या सोन्याच्या साखळीला खाली लटकतो तोही सेंट जॉर्जच, घोड्यावर बसून राक्षसी सर्पाला भाला मारणारा. स्कॉटलंडच्या ‘थिसल’मध्ये सेंट अँड्र्यूचा तिरका क्रूस आहे. आयर्लंडसाठी १७८३मध्ये काढलेल्या ‘सेंट पॅट्रिक’मध्येही तिरका लाल क्रूस आहे. क्रूस, संत, चॅपल हे तिन्ही काढून टाकले तर उरतं काय? सोनार, फीतवाला आणि पंचवीस माणसांची यादी.

यादी पंचवीसांचीच होती, म्हणजे राणी आणि ऑर्डरचा ग्रँड मास्टर असलेला व्हाइसरॉय सोडून २५ नाइट. गार्टरचा आकडाही जवळपास तेवढाच, त्यामुळे हे प्रमाण कुठून आलं ते वेगळं सांगायला नको. राणीला ही ऑर्डर छोटी आणि अगदी वरच्या दर्जाच्या लोकांपुरती हवी होती. पहिल्या यादीत आपल्या ओळखीची नावं बरीच सापडतात. शिंदे आहेत, इंदूरचे दुसरे तुकोजीराव होळकर आहेत, बडोद्याचे खंडेराव गायकवाड आहेत. आणि त्याच यादीत सर ह्यू रोजही आहे, झाशीवर आणि मग ग्वाल्हेरवर चालून आलेला. जून १८५८मध्ये तात्या टोपे आणि झाशीची राणी ग्वाल्हेरात शिरल्यावर जयाजीरावांना पळावं लागलं होतं. ज्याने त्यांना परत गादीवर बसवलं तो आणि ते स्वतः, दोघांच्या नशिबी एकच तारा आला.

यामागचं राजकारण थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण ते सर्वांना माहीत आहे. सातारा १८४८ला खालसा झालं, नागपूर आणि झाशी त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत. दत्तक नामंजूर करून संस्थानं गिळण्याच्या त्या धोरणाचा हिशेब १८५७ला चुकता झाला. मग उलटी चाल सुरू झाली : दत्तकाच्या सनदा द्यायच्या, मान द्यायचा, राजांना राणीशी थेट नात्याने बांधायचं. हे नातं दिसायला हवं, आणि तेही रोज अंगावर. प्रिन्स आल्बर्टने या ऑर्डरच्या रूपरचनेत जातीने लक्ष घातलं. नाव काय असावं आणि ब्रीदवाक्य काय असावं यावरही खल झाला.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे येऊ. माझ्या मते त्या काळातली ही सर्वांत देखणी ब्रिटिश ऑर्डर आहे, आणि ती देखणी होण्याचं कारण तिच्यातून बरंच काही वगळावं लागलं हेच आहे.

छातीवर लावायचा तारा असा : मधून सोन्याचे किरण चहूकडे फुटतात, त्यांच्यावर फिक्या निळ्या मिन्याची गोल फीत, टोकाला गाठ मारल्यासारखी, त्या फितीवर हिऱ्यांनी लिहिलेलं ब्रीद आणि मधोमध पाच टोकांचा हिऱ्यांचा तारा. एवढंच. गार्टरमध्ये जिथे क्रूस बसतो तिथे इथे तारा आहे. तारा कोणाच्याच धर्माला खुपत नाही. ब्रीदही त्याच बेताचं : ‘हेवन्स लाइट अवर गाइड’, म्हणजे स्वर्गीय प्रकाश आमचा वाटाड्या. स्वर्ग कोणाचा ते सांगितलेलं नाही. ख्रिस्ती माणसाला बेथलेहेमचा तारा आठवला तर आठवू दे, दुसऱ्याला ध्रुव आठवू दे.

या ब्रीदाची भाषाही पाहण्यासारखी आहे. गार्टरचं ब्रीद फ्रेंचमध्ये आहे. बाथ, थिसल, सेंट पॅट्रिक, सेंट मायकेल अँड सेंट जॉर्ज यांची लॅटिनमध्ये. हिंदुस्थानासाठी मात्र सरळ इंग्रजी. फारसी नाही, संस्कृत नाही, पण लॅटिनही नाही. लॅटिन ही चर्चची भाषा म्हणून टाळली की राजांना शिकायला इंग्रजी बरी म्हणून घेतली, हा तर्क ज्याने त्याने करावा. पुढे १८७८मध्ये ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ काढली तेव्हा ते पुन्हा लॅटिनकडे वळले.

गळ्यातली साखळी, जिला तिकडे कॉलर म्हणतात, सोन्याची होती. तिच्या कड्यांमध्ये आळीपाळीने कमळ, फुलीसारख्या बांधलेल्या ताडाच्या दोन फांद्या आणि तांबडा-पांढरा इंग्रजी गुलाब, मधोमध मुकुट. कमळ आपलं, गुलाब त्यांचा, एवढं सरळ आहे. ताडाची फांदी ही युरोपातल्या कारागिराच्या मनातली ‘पूर्व’ आहे. गंमत म्हणजे तीच फांदी ख्रिस्ती चित्रांत हुतात्म्यांच्या हाती असते. क्रूस दारातून बाहेर काढला, पण फांदी खिडकीतून आत राहिली, आणि ती कोणाच्या लक्षातही आली नाही.

झगा फिक्या निळ्या सॅटिनचा, आतून पांढरं रेशीम, डाव्या बाजूला कशिद्याने काढलेला तारा. फीतही आकाशी, कडांना पांढरी रेघ. या रंगावरून एक जुनी गोष्ट आठवली. ईस्ट इंडिया कंपनीने १८३७मध्ये देशी लष्करी अधिकाऱ्यांसाठी ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ काढली होती. ती गळ्यात घालायची. तिची फीतही सुरुवातीला आकाशीच होती. पण सुभेदार-जमादार डोक्याला भरपूर तेल लावत, आणि मानेमागे ती फीत काही दिवसांत काळवंडे. लवकरच ती किरमिजी करण्यात आली. लंडनला ठरवलेला रंग इथल्या चंपीने बदलायला लावला. राजांच्या बाबतीत हा प्रश्न आला नाही. त्यांच्या निळ्या फितीला रोजची हजेरी नव्हती.

आणि आता तो अलंकार, ज्यावरून हे प्रकरण झालं. साखळीला किंवा खांद्यावरून कमरेकडे जाणाऱ्या पट्ट्याला खाली जो बिल्ला लटकायचा, त्याच्या वर हिऱ्यांचा तारा आणि खाली लंबगोल चौकट. चौकटीवर निळ्या मिन्यात हिऱ्यांनी लिहिलेलं तेच ब्रीद. आणि चौकटीच्या आत ऑनिक्समध्ये, म्हणजे आपल्या सुलेमानी दगडात, उठावाने कोरलेला व्हिक्टोरिया राणीचा चेहरा.

गार्टरच्या साखळीला संत लटकतो हे वर सांगितलंच आहे. स्टार ऑफ इंडियात नेमक्या त्याच ठिकाणी राणी लटकते. संत काढला तरी संताची जागा कोणी काढली नाही. तिथे कोणीतरी बसवावंच लागलं. लंडनच्या दृष्टीने हा सर्वांत निरुपद्रवी तोडगा होता : जॉर्जबद्दल हिंदुस्थानात वाद होईल, राणीबद्दल कसा होईल?

तो झाला, आणि हैदराबादेत झाला. निझाम अफजलउद्दौलाचं नाव पहिल्या यादीत होतं. १८५७मध्ये हैदराबाद शांत राहिलं याचं इंग्रजांना मोठं अप्रूप. पण निझामाच्या वतीने दिवाण सालारजंगाने दोन हरकती कळवल्या. पहिली कपड्याची : इथल्या लोकांना आपल्या पोशाखाहून वेगळा पोशाख अंगावर घालणं मानवत नाही, तेव्हा तो झगा नको. दुसरी बिल्ल्याची : सजीवाची प्रतिमा अंगावर बाळगणं मुसलमानाला मना आहे.

ही दुसरी हरकत सबब होती की खरी श्रद्धा, यावर वाद घालता येईल. कंपनीच्या रुपयावर १८३५पासून राजाचा आणि पुढे राणीचा चेहरा होताच, आणि ते रुपये मुसलमान व्यापारी बिनदिक्कत घेत होते. रामपूरच्या नवाबाने आणि भोपाळच्या बेगमेने तोच बिल्ला घेतला. शिवाय सालारजंगासारखा कसलेला मुत्सद्दी धर्माची ढाल पुढे करून मागे दुसरं काही वाचवत असेल, हेही शक्य आहे. पण रुपया कनवटीला असतो आणि बिल्ला छातीवर. हैदराबादच्या स्वतःच्या टांकसाळीतून निघणाऱ्या नाण्यांवर तर नुसती अक्षरं असत, चेहरा नसे. तेव्हा तिथल्या दरबाराला हा फरक कळणं स्वाभाविक होतं. माझं मत असं की ती रूपरचना ज्यांनी आखली त्यांच्यापेक्षा सालारजंगाने ती नीट वाचली. क्रूस नाही म्हणजे धर्माचा प्रश्न सुटला, असं लंडनने धरलं होतं. प्रश्न क्रुसाचा नव्हता. कोणाची प्रतिमा मी अंगावर वागवायची, हा होता.

पहिली हरकतही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दरबारी कपडा देणं-घेणं ही आपल्याकडची चांगली मुरलेली भाषा होती. मोगल बादशहा खिलत देई, पेशवे सरदारांना वस्त्रं देत. वस्त्रं अंगावर घेतली की चाकरी पत्करली. निळ्या सॅटिनचा झगा इंग्रजांच्या लेखी संघाच्या सभासदाचा गणवेश असेल, पण घेणाऱ्याच्या लेखी ती खिलतच होती, तीही परक्या शिंप्याने शिवलेली. फरक एवढाच की खिलत घराण्यात राहते. तोशाखान्यात जाते, नातू ती काढून पाहतो. स्टार ऑफ इंडियाचे हिऱ्यांचे अलंकार मात्र मानकरी वारला की वारसांनी परत करायचे, असा नियम होता. तेच मग पुढच्या मानकऱ्याला. कोहिनूर गमावलेल्या दुलीपसिंगाला राणीच्या हातून हिरे मिळाले, तेही हयातीपुरते वापरायला.

निझामाने अखेर ऑर्डर स्वीकारली. बिल्ल्यावरचा चेहरा मात्र होता तसाच राहिला, आणि व्हिक्टोरियानंतरही बदलला नाही. एडवर्ड आला, पंचम जॉर्ज आला, सहावा जॉर्ज आला, नाण्यांवरचे आणि तिकिटांवरचे चेहरे पालटत गेले, पण या सुलेमानी दगडात राणीच राहिली. संस्थापकाची खूण म्हणून हे समजू शकतं. पण संताच्या जागेबद्दल मी वर जे म्हटलं त्याला हे धरूनच आहे. संत काही राज्यागणिक बदलत नाही.

याच प्रश्नाची दुसरी बाजू चाळीस वर्षांनी पाहायला मिळाली, आणि ती हिंदुस्थानाबाहेर. १९०२च्या उन्हाळ्यात इराणचा शहा मुजफ्फरुद्दीन इंग्लंडला आला. त्याला गार्टर हवी होती. त्याच्या बापाला, नासिरुद्दीन शहाला, १८७३मध्ये ती मिळाली होती, त्याआधी तुर्कस्तानच्या दोन सुलतानांनाही. पण सातव्या एडवर्डने मनाशी ठरवलं होतं की गार्टर ही ख्रिस्ती ऑर्डर, ती बिगरख्रिस्ती राजाला देणार नाही. परराष्ट्रमंत्री लॉर्ड लॅन्सडाउन हा पूर्वी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय, म्हणजे पदसिद्ध स्टार ऑफ इंडियाचा ग्रँड मास्टर. त्याने तोडगा काढला तोही १८६१च्या वळणाचा : क्रूस नसलेली गार्टर बनवू. राजाने मान डोलावली, ती संमती समजून त्याने जवाहिऱ्याकडून चित्रंही काढून घेतली. पोर्टस्मथजवळ शाही नौकेवर ती राजापुढे आली तेव्हा तो इतका भडकला की त्याने ती खिडकीतून समुद्रात भिरकावली, असं सांगतात. शहा नाराज होऊन परत गेला. मंत्री राजीनाम्याच्या गोष्टी करू लागले तेव्हा राजा नमला, आणि १९०३मध्ये तेहरानला गार्टर गेली.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की एक गोष्ट उघडी पडते. सुलतानाने आणि शहाने क्रूस असलेली गार्टर मागून किंवा आनंदाने घेतली होती. त्यांना क्रूस टोचला नाही, कारण तो बरोबरीच्या राजाकडून आलेला होता. गार्टर हिंदुस्थानच्या एकाही राजाला कधी मिळाली नाही. त्यांच्यासाठी वेगळी, क्रूस नसलेली, सोयीची ऑर्डर होती. धर्माचा मान राखला, हे खरंच. पण त्याच मानाच्या आडून पंगतही वेगळी मांडली गेली.

पुढची कथा पसरट आहे, म्हणून भरभर सांगतो. १८६६मध्ये ऑर्डरचे तीन वर्ग केले : २५ ग्रँड कमांडर, ५० कमांडर, १०० कंपॅनियन. मग तिची चव थोडी पातळ झाली. तिसऱ्या वर्गाचा सी. एस. आय., म्हणजे ‘कंपॅनियन ऑफ द स्टार ऑफ इंडिया’, काशीच्या राजा शिवप्रसादांना मिळाला आणि लोकांनी त्याचं सरळ भाषांतर केलं, ‘सितारेहिंद’. हे नाव त्यांना असं चिकटलं की आजही हिंदी साहित्याच्या इतिहासात ते त्याच नावाने सापडतात. त्यांचे एक काळचे शिष्य आणि पुढचे विरोधक हरिश्चंद्र यांना काशीच्या विद्वानांनी १८८०मध्ये ‘भारतेंदु’ म्हणायला सुरुवात केली. सरकारने तारा दिला, आम्ही चंद्र देतो, असा त्यातला टोमणा होता असं म्हणतात.

स्त्रियांचा प्रश्नही मधल्या मध्ये उपटला. राणी सोडली तर पहिल्या यादीत स्त्री एकच, सिकंदर बेगम, आणि ती ‘नाइट’! १८७८मध्ये ‘क्राउन ऑफ इंडिया’ ही स्त्रियांसाठी वेगळी ऑर्डर काढली. तिच्यात चेहराही नाही आणि तारा नाही : फिक्या निळ्या फितीच्या गाठीला राणीची आद्याक्षरं, हिरे, मोती आणि पेरोजांत. माझ्या मते या सगळ्या मालिकेतला सर्वांत सुटसुटीत दागिना हाच.

त्याच वर्षीच्या ‘इंडियन एम्पायर’बद्दल मात्र असं म्हणवत नाही. तिच्या साखळीत हत्ती, पिसारा फुलवलेले मोर, कमळं, गुलाब अशी सगळी जत्रा भरली. बिल्ला म्हणजे लाल मिन्याचं पाच पाकळ्यांचं गुलाब, मधोमध पुन्हा राणी, आणि सुरुवातीला पाच पाकळ्यांवर ‘इंडिया’ या इंग्रजी शब्दाचं एकेक अक्षर. १८८७मध्ये बिल्ला लहान केला तेव्हा ती अक्षरं गेली, आणि बरं झालं. आपल्याकडे जुन्या पुस्तकांत रानडे, गोखले यांच्या नावापुढे जे ‘सी. आय. ई.’ दिसतं ते याच गुलाबाचं. गोखल्यांना १९१४मध्ये वरचा वर्ग देऊ केला होता, तो त्यांनी नाकारला.

बडोद्याला १८६१नंतरही तारा मिळत राहिला, तिसऱ्या सयाजीरावांनाही मिळाला. १९११च्या दिल्ली दरबारात मात्र ते अंगावरचे दागिने उतरवून पंचम जॉर्जपुढे गेले, एकदाच वाकले आणि पाठ फिरवून परतले. त्यावरून केवढा गहजब झाला! अलंकारांनी बोलण्याची जी भाषा पन्नास वर्षं घोटवली होती, तिच्यात उघडी छातीही वाक्य बनते, हे तेव्हा कळलं.

शेवटच्या नेमणुका १९४८च्या पहिल्या दिवशी जाहीर झाल्या. त्यानंतर ऑर्डर कोणी रीतसर मोडली नाही, फक्त कोणाला दिली नाही. पहिल्या वर्गाचे अखेरचे मानकरी, त्रावणकोरचे चित्तिरा तिरुनाल, १९९१मध्ये वारले. अलवारचे तेजसिंग हे दुसऱ्या वर्गाचे. ते गेले २००९मध्ये, आणि यादी संपली.

ब्रीद तेवढं एका अनपेक्षित जागी टिकलं. १८६०च्या दशकात हिंदुस्थानात सैन्य ने-आण करायला पाच मोठी जहाजं बांधली होती. सेरापिस, मलबार, जमना, युफ्रेटिस, क्रोकोडाइल ही त्यांची नावं. त्यांच्यावर स्टार ऑफ इंडियाचं चिन्ह असे आणि ती सुटत पोर्टस्मथहून. त्या बंदराने ते ब्रीद आपलंसं केलं. आज पोर्टस्मथ शहराच्या मानचिन्हात निळी ढाल आहे, तिच्यावर सोनेरी तारा आणि चंद्रकोर. ही दोन्ही ऑर्डरच्या कितीतरी शतकं आधीपासूनची. खालच्या पट्टीवर लिहिलेलं आहे ‘हेवन्स लाइट अवर गाइड’, आणि तिथे चेहरा कोणाचाच नाही.